डायलिसिस नव्याने सुरू झालंय? मशीनवरून उतरल्यानंतरच्या तासांसाठी

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. म्हणजे १२ तास मशीनवर. आठवड्याचे एकूण तास १६८. उरलेल्या १५६ तासांत कसं राहायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोटॅशियम, फॉस्फरस, ड्राय वेट (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. पण मुलीला काय सांगू, साहेबांना काय सांगू, रात्री दोनला जाग आल्यावर कुणाशी बोलू, याचा कागद कुठल्याच फाइलमध्ये नव्हता.

मला डायलिसिस लागून चार वर्षं पूर्ण झाली. पुण्यात धायरीला राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, डायलिसिसला सकाळच्या शिफ्टमध्ये बसते. सेंटरवर दर महिन्याला एखादं नवीन कुटुंब येतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला आमचाच तो पहिला आठवडा दिसतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधं, पथ्य आणि पाण्याचं माप मात्र तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सांगितलेलंच पाळा.

१. पहिले दोन महिने मोठे निर्णय लांबणीवर टाका

किडनी निकामी होते तेव्हा अंगात साठलेल्या विषारी द्रव्यांचा परिणाम डोक्यावरही होतो. झोप लागत नाही, तोंडाला चव नसते, साधा हिशोब चुकतो. त्या अवस्थेत मी अकराव्या दिवशी राजीनामा लिहून दिला होता. आमच्या साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बोलू." दिवाळीपर्यंत माझं डोकं ताळ्यावर आलं होतं. सगळ्यांना असे साहेब मिळत नाहीत, म्हणून तुम्हीच स्वतःला तारीख घालून घ्या. नोकरी सोडणं, फ्लॅट विकणं, गावी जाऊन राहणं, मुलीचं लग्न घाईने उरकणं, यातलं काहीही दोन महिने नको.

एका गोष्टीत मात्र उशीर करू नका. ती म्हणजे फिस्टुला. हातातली शीर आणि धमनी जोडल्यावर ती सुया घेण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मानेतल्या नळीवर डायलिसिस होतं आणि त्या नळीतून इन्फेक्शनचा धोका जास्त असतो. फिस्टुला शक्यतो आपण कमी वापरतो त्या हाताला करतात. मग त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही, घट्ट घड्याळ किंवा बांगड्या घालायच्या नाहीत.

हे शेवटचं ऐकताना किरकोळ वाटतं. माझ्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या होत्या तेव्हा मला ऑपरेशनपेक्षा त्याचंच जास्त रडू आलं. सासूबाईंनी माझा हात मांडीवर घेतला, साबण लावून एकेक बांगडी उतरवली आणि त्या सगळ्या उजव्या हातात चढवल्या. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की त्याच आधी सांगतात, "तिचा तो हात औषधाचा आहे." घरातल्या एका माणसाने असं ठामपणे बोलणं किती गरजेचं असतं, हे त्या दिवशी कळलं.

२. घरात सांगा, आणि मुलांना आधी सांगा

आम्ही चूक केली. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिला सांगितलं की आईला ऑफिसचं जास्तीचं काम आहे. मानेवरची पट्टी तिला दिसत होतीच. एका रात्री तिने बाबाला विचारलं, "मी आईला खूप त्रास देते म्हणून झालं का?" मुलं असाच अर्थ लावतात. तुम्ही गप्प बसलात की ती स्वतःला दोष देतात.

मुलांना चार गोष्टी साध्या शब्दांत सांगा. किडनी रक्त गाळते आणि ती आता काम करत नाही. हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही. तो लागट नाही, आईच्या कुशीत झोपता येतं. आणि आई ठरलेल्या दिवशी जाते आणि दुपारी परत येते. "लवकर बरी होईन" असं म्हणू नका. तीन महिन्यांनी मूल विचारतं, "कधी?"

जमलं तर सेंटरवाल्यांना विचारून एकदा मशीन दाखवा. आमच्या टेक्निशियन ताईने लेकीला लाल आणि निळी नळी दाखवून रक्त कुठून जातं, कुठून येतं ते समजावलं. घरी आल्यावर तिने माझ्या हाताला कान लावला. फिस्टुलातून घूं-घूं असा आवाज येतो, बोट ठेवलं तर थरथर लागते. ती थरथर रोज तपासायची असते, कारण ती थांबली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. आमच्याकडे हे काम लेकीचं आहे. शाळेत जाताना कान लावते आणि "चालू आहे" म्हणून बूट घालते.

नवरा-बायकोतली एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही म्हणून लिहिते. किडनीच्या आजारात शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, पुरुषांना अडचण येणं, बायकांची पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हे अगदी नेहमीचं आहे. प्रेम आटल्याची ती खूण नव्हे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, मी तेच केलं होतं.

३. फाइल लावा, मग दारं ठोठावा

पैशाची काळजी हीच बहुतेक घरांत मनाची पहिली काळजी असते. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात, घरातल्या एका धीराच्या माणसाकडे सोपवा. एका फाइलमध्ये पुढचे कागद ठेवा, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्हींवर नाव सारखंच आहे ना ते बघून
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- नेफ्रॉलॉजिस्टचं निदानाचं पत्र, त्यात आठवड्याला किती डायलिसिस ते लिहिलेलं
- क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट
- हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट
- हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तारखा
- चालू औषधांची यादी, रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं, सुरुवात तिथून करा. हेल्पलाइन १५५३८८ आहे. योजना कॅशलेस आहे, त्यामुळे आधी खिशातून भरलेलं परत मिळत नाही. आम्ही एका ठिकाणी दोन महिने पैसे भरल्यावर योजनेचं नाव ऐकलं. तुम्ही पहिल्या दिवशीच विचारा.

धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवकाला भेटा. ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलमध्ये याच कामासाठी समाजसेवा अधीक्षक असतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर शहरी गरीब योजनेची चौकशी करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. दौंड, लोणावळ्याकडून रेल्वेने येणाऱ्यांना डायलिसिसच्या प्रवासासाठी भाड्यात सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. तिचा छापील फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात विचारा.

सापळा: "अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून देतो" असं सांगणारे एजंट भेटतील. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात किडनी निकामी होणं नाही. तिथे पैसे घालवू नका.

समाजसेवकाकडे फक्त बिलासाठी जायचं असतं असा समज आहे, तो सोडा. घरातले भांडण, मुलाची फी, नोकरीवरून काढण्याची भीती, हे ऐकून घेणं आणि वाट दाखवणं हे त्यांचं शिक्षणच असतं. मला बिलापेक्षा याच बाबतीत त्यांचा जास्त उपयोग झाला.

४. सेंटर निवडताना हे प्रश्न विचारा

मशीन कोणत्या कंपनीचं, याआधी शिफ्ट कोणती मिळेल ते विचारा. नोकरी करायची असेल तर सकाळची पहिली शिफ्ट मिळवण्यासाठी थांबावं लागलं तरी नाव लावून ठेवा. घरापासून अंतर कमी असू द्या. उतरल्यावर अंगातलं त्राण जातं, बीपी खाली येतं, पायात गोळे येतात. तशा अवस्थेत कात्रजहून हडपसरपर्यंत रिक्षात बसणं फार जड जातं. सोबतच्या माणसाला बसायला जागा आहे का, पडदे आहेत का, बाईमाणसाला नळी लावताना आडोसा करतात का, तेही बघा. हिपॅटायटिसच्या रुग्णांसाठी मशीन वेगळं आहे का, हे निःसंकोच विचारा.

पुण्यातली एक खास अडचण. आषाढीच्या वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या भवानी पेठ आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा त्या बाजूचे रस्ते बंद होतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तुमचं सेंटर मध्यवस्तीत असेल तर पंधरा दिवस आधी त्या दिवसाचा स्लॉट पुढेमागे करून घ्या. पहिल्या वर्षी मी मिरवणुकीमुळे डायलिसिस चुकवलं आणि पुढच्या रात्री श्वास लागून इमर्जन्सीत गेले. स्लॉट बदला, पण दिवस चुकवू नका.

५. पाणी, पथ्य आणि पाहुणे

दिवसाचं पाणी बहुतेकांना लघवीच्या मापावर अधिक साधारण अर्धा लिटर असं सांगतात. तुमचं माप डॉक्टर ठरवतील. मी सकाळी एक स्टीलची बाटली भरते. चहा केला की तेवढं पाणी बाटलीतून कमी करते, आमटी घेतली की तेवढं कमी करते. संध्याकाळी बाटलीत दोन घोट उरले असतील तर एप्रिल-मे महिन्यातला तो सगळ्यात श्रीमंत क्षण असतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, ते पुढच्या वेळी मशीनने ओढून काढायचं असतं. पाणी जास्त झालं की गोळे येणार.

तहान सोसण्याहून कठीण असतं माणसांना नाही म्हणणं. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं नेतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि डायलिसिसच्या माणसाचं हृदय त्याने बंद पडू शकतं. केळी, खजूर, फळांचा रस यांचंही तसंच. कमरख (स्टारफ्रूट) तर अजिबात नको, ती या रुग्णांच्या मेंदूवर परिणाम करते. "बीपीवाल्यांसाठी चांगलं" म्हणून मिळणाऱ्या लो-सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, तेही टाळा. उपवासाच्या थाळीत दाणे आणि बटाटे असतात. एकादशी सोडायची की कशी धरायची, ते आहारतज्ज्ञांशी बोला. मी उपवास सोडला आणि त्या दिवशी हरिपाठ म्हणते.

पाहुण्यांसाठी एक वाक्य ठरवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणा. आमचं असं आहे: "तिला खायला काही आणू नका, येताना तासभर वेळ घेऊन या." लोक खरंच ऐकतात. त्यांनाही काहीतरी करायचं असतं, काय करावं ते कळत नसतं.

"अमक्या वैद्यांनी डायलिसिस सोडवलं" असं सांगणारे येतीलच. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. काढा, भस्म, पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. अंगदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको.

६. कामावर काय सांगायचं

साहेबांना आजाराचा सगळा इतिहास सांगत बसू नका, वेळापत्रक सांगा. कोणते तीन दिवस, किती वाजता येणार, कोणतं काम घरून होईल, कोणतं जमणार नाही. लेखी द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. अंगमेहनतीचं काम असेल तर हलकं काम मागा. मशीनवर ज्या हाताला सुया नाहीत तो मोकळा असतो. मी त्या हाताने जीएसटीची बिलं तपासते. पण पहिल्या महिन्यांत स्वतःकडून हे मागू नका. तेव्हा झोपा.

नोकरी नसेल, तरी घरातलं एक काम आपलं म्हणून धरून ठेवा. भाजी निवडणं, लाइटबिल भरणं, नातवाचे पाढे घेणं. सगळं काढून घेतलं की माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो.

७. मन: कधी थांबून मदत घ्यायची

डायलिसिसवरच्या साधारण चारातल्या एका माणसाला नैराश्य येतं. ते ओळखणं अवघड, कारण थकवा, झोप न लागणं, भूक न लागणं ही लक्षणं किडनीच्या आजाराचीही आहेत आणि कमी हिमोग्लोबिनचीही. म्हणून आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, आवडती माणसंही नकोशी वाटत असतील, तर ते नेफ्रॉलॉजिस्टना तशाच शब्दांत सांगा. "बरं आहे" म्हणू नका. राऊंडला ते मिनिटभरच थांबतात आणि "बरं आहे" म्हटलं की पुढच्या बेडकडे जातात.

घरच्यांसाठी: "आज नको, उद्या जाऊ", "मी तुम्हाला ओझं झालोय", "सुटलो तर बरं होईल", अशी वाक्यं ऐकली तर रागावू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. माणूस डायलिसिस चुकवायला लागतो तेव्हा बरेचदा मन आधी खचलेलं असतं. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात येत नाही, उलट बोलायला जागा मिळते. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर २४ तास आहे, मराठीतही बोलतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर डायलिसिस चालू असल्याचं आधी सांगा, गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो.

मी तिसऱ्या महिन्यात गेले होते. गोळी लागली नाही, आठ वेळा बोलायला गेले. तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले की मला राग आलाय. कुणाचा ते माहीत नव्हतं. म्हणून टाकल्यावर त्या रात्री झोप लागली.

८. शेजारचा बेड

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. तुमच्या शिफ्टची माणसं हळूहळू नात्यातली होतात. माझ्या शेजारी सासवडकडचे एक काका असत. पहाटेच्या एसटीने येत, गुरुवारी न चुकता शेवंतीची चार फुलं आणत आणि नर्सच्या टेबलावर ठेवत. एका मंगळवारी त्या बेडवर नवीन चादर होती आणि एक अनोळखी मुलगा. कुणीच काही बोललं नाही. मी टेक्निशियन ताईला विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली आणि माझी सुई लावायला घेतली.

असं झालं की विचारा. विचारण्याचा हक्क आहे तुम्हाला. मग चार तास भिंतीकडे बघत "आता माझा नंबर" हे मनात फिरू देऊ नका. त्याच शिफ्टच्या दुसऱ्या कुणाशी त्या माणसाबद्दल बोला. आम्ही त्या गुरुवारी पैसे काढून शेवंती आणली आणि त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या मुलाला आपल्या वडिलांचे इथे इतके लोक आहेत हेच माहीत नव्हतं.

आणि त्या नवीन मुलाशी मी त्याच दिवशी बोलले. तो बावीस वर्षांचा होता आणि फिस्टुला दिसू नये म्हणून पुण्याच्या मे महिन्यात फुल शर्ट घालून आला होता.

९. सांभाळणाऱ्याची सुट्टी

माझा नवरा दीड वर्ष एकदाही मित्रांकडे गेला नाही. मग त्याची पाठ धरली, बीपी वाढलं. आता आठवड्यातून एकदा डायलिसिसला सोबत माझा भाऊ येतो. सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण मोकळा द्या आणि त्या वेळात कुठे होतास असं विचारू नका. हे रुग्णानेच सांगितलं तर घरात सोपं जातं.

१०. किडनी कोण देणार, हे बोलताना

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. इतरांसाठी समितीची परवानगी लागते. पैसे घेऊन किडनी मिळवून देणारा कुणी भेटला तर तो गुन्हा आहे, त्यात तुम्हीही अडकता. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नोंदणी हॉस्पिटलमार्फत होते आणि पुणे विभागाची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळतं. घरात दाता असो-नसो, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना लवकर भेटा.

ही झाली कागदाची बाजू. माझं म्हणणं एवढंच, की जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर "तू देशील का?" असं कधीही विचारू नका. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायका जास्त असतात आणि नाही म्हणण्याची मुभा त्यांनाच सगळ्यात कमी असते. माझ्या धाकट्या बहिणीला सगळ्यांनी धरलं होतं. तिची दोन लहान मुलं आहेत. मी तिला एकटीला तळजाईला फिरायला नेलं आणि सांगितलं, तू नाही म्हणालीस तरी भाऊबीज आपली तशीच होईल. ती खूप वेळ रडली आणि नाही म्हणाली. मला त्या क्षणी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आज ती माझ्याशी मोकळेपणाने बोलते. मी यादीवर आहे. दात्याच्या मनात शंका असेल तर डॉक्टर आणि समाजसेवक त्याच्याशी एकांतात बोलतात. ती सोय आहे हे दात्याला आधीच कळू द्या.

११. बाहेरगावी जायचं असेल तर

जा. कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सगळीकडे डायलिसिस सेंटर आहेत. दोन-तीन आठवडे आधी तिथे फोन करून स्लॉट घ्या. आपल्या सेंटरकडून एका पानावर माहिती लिहून घ्या: ड्राय वेट, फिस्टुला कुठल्या हाताला, हिपॅरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) डोस, ॲलर्जी, शेवटच्या तीन वेळचं बीपी. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट नसतील तर बहुतेक ठिकाणी मशीनवर घेत नाहीत. लग्न रविवारी असेल तर शनिवारचं डायलिसिस करूनच निघा, मंगळवारचं तिथे ठरवा. स्टीलची बाटली सोबत ठेवा, आणि मंगल कार्यालयात पंगतीला बसण्याआधी यजमानांना सांगा की मठ्ठ्याचा आग्रह करू नका.